विझत्या सुराची राखण

पियानोची मधली एखादी पांढरी पट्टी दाबा आणि बोट न उचलता ऐकत राहा. पहिला क्षण भरघोस असतो. मग नाद झपाट्याने उतरतो आणि त्यानंतर जे उरतं ते तेल संपत आलेल्या निरांजनासारखं बारीक तेवत राहतं. याचं कारण तारांमध्ये आहे. मधल्या आणि वरच्या सप्तकांत एकेका स्वराला तीन-तीन तारा असतात. हातोडी बसली की तिन्ही एकदम एकाच दिशेने हलतात आणि आपली ताकद भराभर लाकडी नादफळीला देऊन टाकतात. पण तिघींची चाल तंतोतंत सारखी नसते. थोड्याच वेळात ती विस्कटते, एकीची ओढ दुसरीला मारते, फळीकडे जाणारी ताकद घटते आणि उरलेला नाद सावकाश सरत जातो. खर्जाच्या तारा अर्धा मिनिटसुद्धा बोलतात. अगदी वरच्या टोकाला मात्र क्षणात आटोपतं, म्हणून तिथल्या तारांना नाद थांबवणारे डॅम्परच बसवलेले नसतात.

पट्टी एकदा खाली गेली की त्या स्वराला फुगवता येत नाही, वाकवता येत नाही, आंदोलन देता येत नाही. पेटीवाल्याच्या हाती निदान भाता असतो. पियानोवादकाकडे तोही नाही.

आर्मेनियन पियानोवादकांच्या कारकिर्दीकडे पाहताना मला बक्षिसांच्या यादीआधी ही अडचण दिसते. कारण त्यांच्या मातीतलं गाणं धरून ठेवलेल्या आणि वाकवलेल्या स्वरांवर उभं आहे. जर्दाळूच्या लाकडाचा दुदुक तिथे जोडीने वाजतो. एकजण धून वाजवतो आणि दुसरा 'दाम' धरतो, म्हणजे एकच स्वर अखंड लावून ठेवतो. गालात साठवलेली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घेतो, त्यामुळे स्वर कुठे तुटत नाही. सनईच्या मागे बसून 'सूर' धरणारा माणूस ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दुदुकवाला ओठांच्या दाबाने स्वर खाली ओढतो, बोट अर्धवट उचलून मधल्या जागा दाखवतो. हे कानात घेऊन वाढलेलं मूल एक दिवस अशा वाद्यासमोर बसतं, ज्याच्या बारा जागा वाद्य सुरात लावणाऱ्याने आधीच ठरवून टाकल्या आहेत आणि ज्याचा कुठलाही स्वर थांबत नाही.

आर्मेनियन संगीतकार अराम खाचातुरियान यांनी 1936 साली पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना लिहिली, तेव्हा दुसऱ्या भागात त्यांनी फ्लेक्साटोन नावाचं एक चमत्कारिक वाद्य घातलं. पोलादाचं लवचीक पातं आणि त्यावर दोन्ही बाजूंनी आपटणारे छोटे लाकडी गोळे. अंगठ्याने पातं वाकवलं की स्वर सरकतो. ऐकायला ते रडक्या गळ्यासारखं लागतं आणि सुरात वाजवणं इतकं अवघड आहे की कित्येक ऑर्केस्ट्रा ते सरळ गाळतात. गाळू नये असं मला मनापासून वाटतं. शेजारी एवढा मोठा पियानो असताना संगीतकाराला ती मींड बाहेरून आणावी लागली, यातच सगळा प्रश्न आला.

पियानोवादक सर्गेई बाबायान यांचा जन्म 1961 चा, आर्मेनियातल्या ग्युमरीचा. तेव्हा त्या शहराचं नाव लेनिनाकान होतं. घरात संगीत होतं. सुरुवातीचं शिक्षण आर्मेनियातच गेऑर्गी साराजेव यांच्याकडे झालं, मग मॉस्को कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे तिथलं संगीत महाविद्यालय. तिथे त्यांना तीन गुरू लाभले: मिखाईल प्लेतन्येव, वेरा गोर्नोस्तायेवा आणि लेव नाउमोव. आपल्याकडे गायकाची तालीम कुणाकडे झाली हे विचारल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही, तेच इथेही करावं लागतं. गोर्नोस्तायेवा आणि नाउमोव दोघेही हाइनरिख न्यूहाउस यांचे शिष्य, नाउमोव तर त्यांचे सहायकही होते. न्यूहाउस मॉस्कोत 29 क्रमांकाच्या वर्गात शिकवत. एकाचा धडा चालू असताना बाकीचे भिंतीला टेकून ऐकत बसायचे. आपली तालीम तासाभराची, पण ऐकलेली तालीम त्याच्या कितीतरी पट. प्लेतन्येव यांची परंपरा वेगळी. ते याकोव फ्लियेर यांचे शिष्य आणि फ्लियेर हे कोन्स्तान्तिन इगुम्नोव यांचे. वयाने प्लेतन्येव बाबायान यांच्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठे.

इगुम्नोव हे नाव जरा लक्षात ठेवा. पियानो गायला पाहिजे, ही त्यांची आयुष्यभराची मागणी होती. आर्मेनियाची राजधानी येरेवान इथले संगीतकार-पियानोवादक आर्नो बाबाजान्यान याच इगुम्नोव यांच्याकडे पियानो शिकले. बाबाजान्यान 1921 चे. मॉस्कोचं शिक्षण आटोपून येरेवानला परतले आणि 1950 ते 1956 अशी सहा वर्षं त्यांनी तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवलं. त्यांचं व्हायोलिन, चेलो आणि पियानोसाठीचं त्रिकूट 1952 चं, म्हणजे ऐन शिकवण्याच्या वर्षांतलं. मास्तरकीने रचना मागे पडते असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ते एकदा जरूर ऐकावं. दोन वेगळ्या पिढ्यांचे दोन आर्मेनियन असे एकाच झऱ्याचं पाणी पितात आणि ते पाणी त्यांच्याच अडचणीवरचा उतारा असतं, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

7 डिसेंबर 1988 ला सकाळी 11 वाजून 41 मिनिटांनी उत्तर आर्मेनियात भूकंप झाला. स्पिताक गाव जमीनदोस्त झालं, लेनिनाकानची मोठी वाताहत झाली, 25,000 च्या आसपास माणसं गेली. त्याच्या पुढच्या वर्षी, 1989 मध्ये, बाबायान पहिल्यांदा सोव्हिएत संघाबाहेर पडले आणि अमेरिकेत क्लीव्हलँडच्या स्पर्धेत पहिले आले. त्या काळी ती स्पर्धा रोबेर कासादेसू यांच्या नावाने ओळखली जायची. पाठोपाठ जपानमधल्या हामामात्सुला आणि स्कॉटलंडच्या स्पर्धेतही पहिला क्रमांक.

अशा बक्षिसाने नेमकं काय मिळतं, हे नीट समजून घ्यायला हवं. रोख रक्कम मिळते, आणि पुढची स्पर्धा होईपर्यंतचे कार्यक्रम मिळतात. दोन-तीन वर्षांनी त्याच मंचावर नवा विजेता उभा राहतो आणि आयोजकांची पत्रं त्याच्या नावाने जायला लागतात. त्या अवधीत ज्याने काही कायमचं उभं केलं नाही, त्याचं नाव मागच्या वर्षाच्या पत्रिकेत राहून जातं. बाबायान क्लीव्हलँडलाच मुक्कामाला राहिले. 1996 मध्ये क्लीव्हलँड इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिकमध्ये त्यांच्या नावाची पियानो अकादमी सुरू झाली, पुढे ते न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्येही शिकवू लागले. मैफली आणि वर्ग ही दोन्ही कामं बरोबरीने चालत आली आहेत.

आता वर्गात शिरू. अमेरिकन संगीत महाविद्यालयात पियानोच्या प्राध्यापकाच्या खोलीत शेजारी शेजारी दोन ग्रँड पियानो असतात, एक विद्यार्थ्याचा आणि एक गुरूचा. आठवड्याला साधारण तासाभराची एकट्याची तालीम. शिवाय गुरूचे सगळे विद्यार्थी एकमेकांसमोर वाजवतात असा सामूहिक वर्ग. वर्षाअखेरीस परीक्षक-मंडळासमोर वादन, आणि पदवीसाठी पूर्ण लांबीची जाहीर मैफल. प्रवेश मिळवायचा तर बाखचं एक प्रील्यूड आणि फ्यूग, एक अभिजात सोनाटा, एक मोठी रोमँटिक रचना, एखाद-दुसरा एट्यूड (तंत्राचा कस पाहणारी छोटी रचना) आणि विसाव्या शतकातलं काहीतरी, इतका ऐवज पाठ लागतो. ऐकणारे त्यातली पंधराएक मिनिटं ऐकतात, मध्येच थांबवतात आणि दुसरंच काहीतरी सुरू करायला सांगतात.

समजा गुरूकडे बारा विद्यार्थी आहेत. बारा तास तालमीचे, दोन-तीन सामूहिक वर्गाचे, कुणाची मैफल जवळ आली की जास्तीचे, आणि प्रवेशाच्या हंगामात दिवसचे दिवस नुसतं ऐकायचं. वेळ जातोच, पण खरी झीज कानाची होते. सहा तास दुसऱ्यांच्या चुका ऐकल्यावर स्वतःच्या रियाजाला बसलं की कान एकतर फार कडक होतो, नाहीतर थकून सगळंच चालवून घेतो. म्हणून मैफली करणारे शिक्षक आपला रियाज सकाळी, पहिला विद्यार्थी यायच्या आत उरकतात. दौऱ्यामुळे बुडालेल्या तालमी मग एका आठवड्यात दोन अशा भरून काढाव्या लागतात. त्यात विद्यार्थ्याचं नुकसान होतं, कारण सांगितलेलं बोटात मुरायला मध्ये पाच-सहा दिवस जावे लागतात.

शिकवायचं काय, तर विझणाऱ्या स्वराची राखण.

पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते. ती हलवायला 50 ग्रॅमच्या आगेमागे वजन पुरतं. हातोडी तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर आली की आतली यंत्रणा तिला सोडून देते, आणि उरलेलं अंतर ती निव्वळ आपल्या वेगावर काटते. म्हणजे बोटाचा अधिकार त्या सुटण्यापर्यंतच. पुढे पट्टी कितीही रेटली तरी नादात काडीचा फरक पडत नाही, मनगट मात्र आवळतं. पहिला धडा म्हणून पट्टी इतकी हळू दाबायला सांगतात की आवाजच येऊ नये. तळाच्या जरा वर बोटाला एक बारीकशी खाच लागते. तीच सुटण्याची जागा. ती दहा-बारा पट्ट्यांवर डोळे मिटून सापडायला लागली की मग तिथूनच, अगदी तेवढ्याच उंचीवरून, हलका स्वर काढायचा. सुरुवातीला निम्मे स्वर मुके राहतात. राहू द्यावेत. घाबरून बोट उचलून मारलं की सगळा धडा वाया.

दुसरा धडा कानाचा. एक स्वर मोठा लावा. तो उतरेपर्यंत थांबा. तो जिथवर उतरला आहे, नेमक्या त्या उंचीवर पुढचा स्वर लावा. बरोबर लागला तर दुसरा स्वर पहिल्याच्या पोटातून निघाल्यासारखा वाटतो, वेगळा ठोका ऐकूच येत नाही. जवळजवळ प्रत्येकजण दुसरा स्वर पहिल्याच्या मूळ जोराने मारतो, कारण हाताला आधीचा जोर आठवतो आणि कानाने मधला उतार मोजलेला नसतो. मग धाग्यात गाठ पडावी तशी सुरावटीत गाठ पडते. पाच स्वरांची साधी ओळ अशी विनागाठ विणायला चांगल्या विद्यार्थ्यालाही आठवडे जातात.

यातूनच एक हिशेब निघतो. ज्या स्वराला जास्त वेळ जगायचं आहे, त्याला निघतानाच जास्त शिदोरी बांधून द्यावी लागते. चार मात्रांचा स्वर थोडा मोठा निघाला पाहिजे आणि त्याच्या मागचे अर्ध्या-अर्ध्या मात्रांचे स्वर त्याच्या सावलीत राहिले पाहिजेत. कागदावर दोघांच्या खाली 'मृदू' असं एकच चिन्ह असतं. ते अक्षरशः पाळलं, तर लांब स्वर मध्येच उपाशी मरतो.

पायाचा भाग आणखी नाजूक. उजवं पेडल दाबलं की सगळे डॅम्पर तारांवरून उठतात. नवख्यांचा पाय हाताबरोबर खाली जातो, त्यामुळे जुना सूरमेळ अजून हवेत असतानाच नव्याच्या गळ्यात पडतो आणि सगळं चिखल होतं. बरोबर क्रम असा: नवा स्वर वाजतो त्याच क्षणी पाय वर, आणि जुना नाद पुसला गेला की पाय पुन्हा खाली, बोटं मात्र तोवर पट्टीवरच. पाय उशिरा खाली गेला आणि बोट आधीच उचललं गेलं, तर मध्ये भोक पडतं. टाच जमिनीवरून हलली तर पेडलचा धप्प आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. हे झालं साधं पेडल. आर्मेनियन रचनांना दाम लागतो, म्हणजे खाली एखादा पंचम भरून राहिला पाहिजे आणि वरची धून मात्र स्वच्छ पाहिजे. त्याला अर्धं पेडल कामी येतं. डॅम्पर तारांना जेमतेम शिवतील इतकंच पाऊल वर घ्यायचं. खर्जाच्या जाड तारा एवढ्याशा स्पर्शाला दाद देत नाहीत, बोलतच राहतात. वरच्या बारीक तारा लगेच गप्प होतात. हे अंतर पेडलच्या प्रवासात काही मिलिमीटरचं असतं आणि प्रत्येक पियानोत वेगळ्या जागी सापडतं. म्हणून परक्या गावी मैफलीआधी पियानो मिळतो त्या तासाभरात अनुभवी वादक बोटांआधी पाय जुळवून घेतात.

मधल्या पेडलनेही दाम धरता येतो. खालचे दोन स्वर दाबायचे, ते दाबलेले असतानाच मधलं पेडल खाली घ्यायचं, मग हात मोकळे. त्या दोन स्वरांचेच डॅम्पर वर अडकून राहतात. पण त्या वेळी उजवं पेडल आधीच खाली असलं, तर सगळेच डॅम्पर उचललेले असतात आणि मधलं पेडल त्या सगळ्यांना धरून बसतं. उजवा पाय सोडला तरी सबंध पियानो घुमत राहतो. भर मैफलीत हे झालं की वादकाला कळतच नाही काय बिघडलंय. मधलं पेडल सोडणं हा एकच उपाय, आणि तो घाईत सुचत नाही.

हे सगळं आर्मेनियन संगीतकार कोमितास यांच्या पियानो नृत्यांमध्ये एकदम पणाला लागतं. कोमितास 1869 चे. एच्मियाद्झिनच्या मठात वाढलेले धर्मगुरू, बर्लिनमध्ये संगीत शिकलेले. त्यांनी खेड्यापाड्यांतली हजारो गाणी उतरवून घेतली, आणि एच्मियाद्झिनच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात, तेही शिक्षकच होते. आर्मेनियन संहाराच्या सुरुवातीला, 24 एप्रिल 1915 च्या रात्री कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) जे आर्मेनियन बुद्धिवंत धरले गेले, त्यांत ते होते. जिवंत परतले, पण मन सावरलं नाही. 1935 मध्ये पॅरिसला त्यांचा अंत झाला. येरेवानच्या कॉन्झर्व्हेटरीला आज त्यांचंच नाव आहे. त्यांच्या नृत्यांच्या नावाशी गाव जोडलेलं असतं: येरेवानची येरांगी, शुशीची उनाबी आणि मराली, वाघारशापातची शुशिकी, कारीनची हेत उ आराज आणि शोरोर. ती लोकवाद्यांच्या ढंगात वाजवावीत, अशा सूचनाही त्यांनी करून ठेवल्या आहेत.

पान उघडलं तर विद्यार्थ्याला फसायला होतं. दोन-तीन रेघांची विरळ लिखावट, बोटांना काहीच कठीण नाही. शोपँवर पोसलेला हात लगेच त्यात पेडल ओततो, सुरावटीला उमाळे घालतो, आणि नृत्य जिथल्या तिथे मरतं. इथे आधी ठरवायचं की ही ओळ कुठल्या वाद्याची. तार या वाद्याची असेल तर छेडलेली तार जशी चटकन उमटून विरते तसा स्वर हवा, पेडल जवळजवळ नकोच. डफाची असेल तर डाव्या हाताची बोटं पट्टीवरून लगेच परत यायला हवीत, कोरडी. बासरीची असेल तर तिथे मघाची विनागाठ वीण. एकाच वेळी उजवा हात एका वाद्यात आणि डावा दुसऱ्यात. दोन्ही हात एकाच माणसाचे वाटायला लागले, की पुन्हा वेगवेगळे करून बसावं लागतं.

स्वरांची मांडणीही समजावून द्यावी लागते. पुष्कळशा आर्मेनियन चालींत चार स्वरांचे तुकडे एकमेकांत अडकवलेले असतात. सा रे ग म हा एक तुकडा. त्यातला म हाच पुढच्याचा पहिला स्वर: म प ध आणि कोमल नी. मग तो कोमल नी पुढच्याचा आरंभ: कोमल नी, वरचा सा, रे आणि कोमल ग. म्हणजे मध्य सप्तकातला ग शुद्ध आणि तार सप्तकातला कोमल. वर जाताना सप्तक मिटतच नाही, गोल जिना चढावा तसं होतं. युरोपीय चौकटीत शिकलेला विद्यार्थी तो वरचा कोमल ग पाहून दचकतो, त्याला काहीतरी खास घडतंय असं वाटतं आणि तो त्या स्वरावर वजन टाकतो. आर्मेनियन कानाला तिथे काहीच घडलेलं नसतं. तो स्वर जिन्याची पुढची पायरी आहे, तिथे थबकायचं कारण नाही. मराठी वाचकाला हे लवकर उमगेल. रागात स्वराची जागा शेजारच्या स्वरांवरून ठरते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

बाबाजान्यान यांनी 1978 मध्ये 'एलेजी' लिहिली. त्याच वर्षी मे महिन्यात खाचातुरियान गेले होते. लहानग्या आर्नोचे गुण पहिल्यांदा त्यांनीच हेरले होते. एलेजीची धून अठराव्या शतकातले कवी-गायक सायात-नोवा यांच्या एका गाण्याची आहे. सायात-नोवा कमांचा वाजवायचे, गजाने वाजणारं उभं तंतुवाद्य. त्यामुळे या धुनीत गजाची ओढ आहे, आणि ती पियानोवर आणायची जबाबदारी इवल्याशा कणस्वरांवर येऊन पडते. विद्यार्थी हे कण एकसारखे, ठळक, टंकलेखन केल्यासारखे वाजवतात. ते तसे चालत नाहीत. कण वाजवताना बोट पट्टीच्या पृष्ठभागाला चिकटून हवं, पट्टी पुरती वर येऊ न देता पुन्हा खाली जायला हवी. आधुनिक ग्रँडमध्ये ती सोय आहे. मुख्य स्वर कणांपेक्षा मोठा, पण ठोक्यासारखा नको, किंचित उशिराने आल्यासारखा. आणि कणाचं बोट मुख्य स्वर लागल्यानंतर एक पळभर तसंच राहू द्यायचं. दोन लगतचे स्वर क्षणभर एकमेकांत घासतात, मग कण सुटतो आणि मुख्य स्वर मोकळा होतो. कानाला वाटतं, स्वर खालून सरकत वर आला. मींड नसलेल्या वाद्यावरची ही मींड. पळभरापेक्षा जास्त राहिलं तर चूक वाटते, कमी राहिलं तर काहीच होत नाही. हे कागदावर लिहून देता येत नाही. दुसऱ्या पियानोवर बसलेल्या माणसाने वाजवून दाखवायचं, विद्यार्थ्याने पुन्हा करायचं, आणि असं किती वेळा याची गणती नाही.

वाजवून दाखवण्याचा धोकाही मोठा आहे. प्रभावी वादक शिकवायला बसला की विद्यार्थी त्याची लकब उचलतात. मान कुठे कलते, ओळीच्या शेवटी किती थांबतो, हेसुद्धा. तीन महिन्यांत एकाच वर्गातून एकाच छापाचे सहाजण निघतात. त्यामुळे चांगला गुरू एकच ओळ मुद्दाम तीन तऱ्हांनी वाजवतो, आणि तिन्ही पटण्यासारख्या वाजवतो. हे साधायला त्याला स्वतःला मंचावर जिवंत राहावं लागतं. मैफल सोडून दिलेल्या शिक्षकाकडे हळूहळू एकच तऱ्हा उरते.

2009 मध्ये बाबायान यांच्याकडे अठरा वर्षांचा रशियन पियानोवादक दानील त्रिफोनोव क्लीव्हलँडला शिकायला आला. पुढच्या वर्षी वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत तो तिसरा आला, आणि 2011 मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने तेल अवीवची रुबिनस्टाइन आणि मॉस्कोची चायकोव्स्की अशा दोन्ही स्पर्धा त्याने जिंकल्या. 2014 मध्ये त्याने स्वतः रचलेला पियानो कॉन्चेर्तो क्लीव्हलँडच्या त्याच महाविद्यालयात पहिल्यांदा सादर केला. स्पर्धांपेक्षा मला या कॉन्चेर्तोचं अप्रूप जास्त. ज्या वर्गात बारा महिने दुसऱ्यांच्या रचना घासल्या जातात, तिथे विद्यार्थ्याला स्वतःची लिहायला उसंत मिळाली.

गुरूचंही लिहिणं चालूच होतं. प्रोकोफिएवच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' बॅलेतले बारा भाग बाबायान यांनी दोन पियानोंसाठी उतरवले आणि पियानोवादक मार्था आर्गेरिच यांच्याबरोबर वाजवले. ते ध्वनिमुद्रण 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. असं उतरवताना पहिली अडचण व्हायोलिनांची. तीसेक गज मिळून जो स्वर आठ मात्रा धरतात आणि वाढवत नेतात, तो पियानोवर ठेवला की दुसऱ्या मात्रेलाच रिता होतो. ट्रेमोलो करून, म्हणजे स्वर भराभर पुन्हा पुन्हा वाजवून तो हलता ठेवता येतो, पण त्याचा लवकरच वीट येतो. किंवा तोच स्वर दोन पियानोंत वाटून द्यायचा, एकाचा विझायच्या आत दुसऱ्याने उचलायचा.

दोन पियानो मांडायची एक रीत आहे. दोघांच्या वळणदार कडा एकमेकांत बसवतात, वादक दोन टोकांना समोरासमोर. प्रेक्षकांना जवळच्या पियानोचं झाकण उलट्या बाजूला उघडलं असतं आणि नाद मागे गेला असता, म्हणून ते बिजागरीतून काढून बाजूला ठेवतात. मैफलीचा मोठा पियानो 2 मीटर 74 सेंटीमीटर लांब असतो, त्यामुळे समोरच्याचे हात दिसत नाहीत. दिसतो तो खांदा आणि श्वास. दोन हातोड्या एकाच क्षणी बसवायच्या, तर मोजून भागत नाही, दोघांना एकत्र श्वास घ्यावा लागतो. उघड्या पियानोचा नाद जरा जास्त थेट येतो, त्यामुळे तिथल्या वादकाला सतत कणभर आवरून वाजवावं लागतं.

2024 मध्ये बाबायान आणि त्रिफोनोव यांचं राखमानिनोव यांच्या दोन पियानोंसाठीच्या रचनांचं ध्वनिमुद्रण आलं. त्यात पहिला स्वीट (अनेक भागांची रचना) आहे, राखमानिनोव यांनी विशीत, 1893 मध्ये लिहिलेला. त्याच्या तिसऱ्या भागाचं नाव 'अश्रू'. नोव्हगोरोदच्या सेंट सोफिया कॅथीड्रलच्या घंटा लहानपणी त्यांच्या कानावर पडल्या होत्या, त्यातले उतरते चार स्वर इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा येतात, कधी एका पियानोत, कधी दुसऱ्यात. आधीच्या चारांतला शेवटचा स्वर कुठवर उतरला आहे ते ऐकून दुसऱ्याने आपला पहिला तिथूनच उचलायचा असतो, आणि खाली पाय अर्ध्यावर धरायचा असतो.